‘बाहेरून’ मिळवलेल्या पदवीचे प्रामाण्य

नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून एम.ए. किंवा एम.कॉम. झालेल्या माणसाबद्दल ‘त्याने बाहेरून केले’ असे मराठीत सहज म्हटले जाते, आणि विद्यापीठांच्या जुन्या कारभारी भाषेत अशा विद्यार्थ्याला ‘बहि:स्थ’, म्हणजे बाहेर उभा असलेला, असे नाव आहे. दोन्ही शब्द स्थलवाचक आहेत. विद्येला एक आवार असते, त्या आवाराला आत आणि बाहेर असते, आणि विद्या वस्तुतः आतच राहते, हे या शब्दांनी न बोलता गृहीत धरलेले असते. मुलाखतीच्या टेबलावर बायोडेटा चाळणारे बोट ‘मुक्त विद्यापीठ’ या शब्दांपाशी थांबते आणि ‘रेग्युलर की बाहेरून?’ असा प्रश्न येतो, तेव्हा उमेदवार कोणता विषय शिकला, त्याने काय वाचले, त्याला काय येते यांतले काहीच अजून विचारलेले नसते. वरवर पाहता हा नेमणुकीच्या व्यवहारातला एक साधा प्रश्न आहे. परंतु एखाद्याला ज्ञान आहे हे कोणत्या आधारावर मानावे, या प्रमाणशास्त्राच्या मूळ प्रश्नाचेच ते रूप आहे, आणि त्या प्रश्नावर भारतीय दर्शनांनी शतकानुशतके इतक्या बारकाईने वाद घातला आहे की, आजच्या नियोक्त्याच्या, म्हणजे नोकरी देणाऱ्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या, मनातली अढी तपासायला त्याहून धारदार साधन सापडणे कठीण आहे.

ज्या संस्थांच्या पदव्यांविषयी ही अढी असते त्यांचा इतिहास फार जुना नाही. लंडन विद्यापीठाने १८५८ साली आपल्या परीक्षा महाविद्यालयात हजर न राहणाऱ्यांनाही खुल्या केल्या. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये राजसनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत पूर्वशिक्षणाची अट न घालता घेतलेले तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. भारतात १९८२ साली हैदराबादला पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले, ज्याचे पहिले कुलगुरू राम ताकवले होते आणि ज्याचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद आहे. बारावी न झालेल्या प्रौढालाही ‘पूर्वतयारी’ नावाचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीच्या वर्गात येता यावे, अशी सोय या विद्यापीठाने केली, आणि हाच मुक्तप्रवेश होय: प्रवेशाच्या वेळी गुणवत्ता यादी नाही, चाळणी परीक्षा नाही, वयाची वरची मर्यादा नाही. अशा दारातून आत आलेला माणूस पुढे पदवीधर होतो, मग दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून पदव्युत्तर पदवी घेतो, आणि तिथे त्याची गाठ नियोक्त्याशी पडते.

पदवीचे प्रमाणपत्र ही तत्त्वतः काय वस्तू आहे, हे आधी पाहिले पाहिजे. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली आहेत, आणि त्यांतले चौथे ‘शब्द’ हे आहे, म्हणजे आप्ताने, विश्वासार्ह माणसाने, सांगितलेले वचन. नियोक्त्याला उमेदवाराची विद्या डोळ्यांनी दिसत नाही. विद्यापीठ त्याला लेखी सांगते की या व्यक्तीला हा विषय येतो, आणि नियोक्ता ते वचन मानतो. म्हणून पदवीपत्र हे शब्दप्रमाण आहे आणि त्याचे सारे बळ ते देणारा आप्त आहे की नाही यावर उभे आहे. आप्त कोणाला म्हणावे याची न्यायभाष्यकार वात्स्यायनाने केलेली व्याख्या आजही आश्चर्य वाटावे इतकी मोकळी आहे: ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे तो स्पष्ट म्हणतो. विश्वासार्हता कुळात नाही, किती काळ नाव चालत आले यात नाही. ती जाणण्यात आणि सांगण्यात आहे. वात्स्यायनाची ही कसोटी विद्यापीठांना लावली, तर दीडशे वर्षांची इमारत आणि मुक्त विद्यापीठाचे नाशिकजवळचे गोवर्धनचे आवार यांत मुळातच कोणी आप्त आणि कोणी अनाप्त असे ठरत नाही. विद्यार्थ्याला काय येते हे विद्यापीठाने स्वतः पाहिले आहे का, आणि पाहिले तसेच लिहिले आहे का, एवढेच विचारावे लागते.

हा प्रश्न मात्र खरोखर विचारावा लागतो, आणि मुक्त शिक्षणाविषयी ज्यांना आस्था आहे त्यांनी तो सर्वांत आधी विचारला पाहिजे. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी अभ्यासकेंद्रावर, बहुधा एखाद्या नेहमीच्या महाविद्यालयाच्या वर्गांत रविवारी भरणाऱ्या संपर्कसत्रांना येतो, घरी पाठवलेली पुस्तके वाचतो, स्वाध्याय लिहून देतो आणि शेवटी परीक्षेला बसतो. झेरॉक्सच्या दुकानात सोडवलेले स्वाध्याय विकत मिळतात, ते जसेच्या तसे उतरवून दिले जातात आणि तपासणारा ते पाहूनही गुण देतो, असे जिथे घडते तिथे विद्यापीठ ज्याला जाणत नाही त्याच्याविषयी बोलत असते, आणि त्याचे वचन त्या क्षणी प्रमाण राहत नाही. (वर्गात न येता हजेरी लागलेल्या नियमित विद्यार्थ्याविषयीही हेच म्हणावे लागते, दोष पद्धतीत नसून न पाहता सांगण्यात आहे.) पुढे वात्स्यायनाने आप्ताच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाण आणि यथार्थ सांगण्याची इच्छा यांच्या जोडीला तिसरा गुण सांगितला आहे तो भूतदयेचा, म्हणजे प्राण्यांविषयीच्या करुणेचा. ‘बिचारा नोकरी करून शिकतो आहे, द्या चार गुण’ असे म्हणणाऱ्या परीक्षकाला आपण हीच दया करतो आहोत असे वाटते. परंतु वात्स्यायनाची दया वेगळी आहे: माणसे न जाणल्यामुळे दुःख भोगतात, म्हणून त्यांना जसे आहे तसे सांगितले पाहिजे, अशी ती आहे. खोटे चार गुण ज्याला मिळाले त्याचे नुकसान पुढच्या मुलाखतीत होतेच, पण त्याच केंद्रावर रात्री जागून खरोखर शिकलेल्या शेजारच्या विद्यार्थ्याच्या पदवीचा आधारही त्या चार गुणांनी काढून घेतलेला असतो, आणि ही हानी कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

येथून प्रामाण्यवादाचा प्रश्न सुरू होतो. ज्ञान खरे आहे हे कसे कळते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात दीर्घ वाद झाला. कुमारिल भट्टाच्या परंपरेतले मीमांसक स्वतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञान उत्पन्न झाले की ते प्रमाण म्हणूनच उत्पन्न होते, आणि त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान आले किंवा त्याच्या कारणात दोष सापडला तरच ते टाकावे लागते. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात: ज्ञानाचे खरेपण त्याच्या बाहेरच्या कशावरून तरी, मुख्यतः त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल झाली की नाही यावरून, अनुमानाने कळते. दूर पाणी दिसले, तिथे गेले, तहान भागली, म्हणजे ते पाणीच होते. गेल्यावर वाळू लागली तर ते मृगजळ होते. मीमांसकांचा आक्षेप असा की प्रत्येक ज्ञान दुसऱ्याने तपासायचे तर त्या दुसऱ्यालाही तिसरा लागेल आणि कधीच न संपणारी ही रांग म्हणजे अनवस्था होय. नैयायिकांचे उत्तर व्यवहाराला धरून आहे: प्रत्येक ज्ञानाबद्दल शंका येत नाही, जिथे परिचय आहे, ज्या जातीच्या ज्ञानाचा पुष्कळदा अनुभव आला आहे, तिथे हे ज्ञानही त्याच जातीचे आहे एवढ्यावरून त्याचे प्रामाण्य कळते, आणि या खुणेला ते तज्जातीयत्व म्हणतात. जिथे असा परिचय नाही, तिथेच पारख करावी लागते.

आजच्या भरतीचा व्यवहार या दोन्ही मतांचा एकाच वेळी, पण वेगवेगळ्या उमेदवारांसाठी, वापर करतो. नावाजलेल्या संस्थेच्या पदव्युत्तर पदवीपुढे नियोक्ता मीमांसक असतो: ती पदवी दिसली की ती प्रमाण, आणि काही विपरीत निघेपर्यंत प्रश्न नाही. मुक्त विद्यापीठाच्या अर्धवेळ पदवीपुढे तोच नियोक्ता नैयायिक होतो आणि सिद्ध करून दाखवा म्हणतो. हा दुजाभाव कधीकधी समर्थनीय असतो, हे तज्जातीयत्वाच्या तत्त्वावरून मान्यच करावे लागेल. ज्याने एकाच महाविद्यालयातली दहा मुले घेतली आणि दहाही चांगली निघाली, त्याने अकराव्यावर अधिक विश्वास टाकला तर त्याला दोष देता येत नाही. परंतु याच तत्त्वात अडचणही आहे. परिचय कृतीतून होतो आणि कृतीची संधी न देता परिचय नाही म्हणणे हे वर्तुळ आहे: ‘मुक्त’ची माणसे कशी असतात हे ठाऊक नाही म्हणून घेतली जात नाहीत, घेतली जात नाहीत म्हणून ती कशी असतात हे कधी ठाऊक होत नाही, आणि अपरिचयाची ही स्थिती आपोआप टिकून राहते. न्यायशास्त्राच्या दृष्टीने अपरिचय हे संशयाचे कारण आहे; त्यावरून विपरीत निर्णयाला कोणताही आधार मिळत नाही. संशय आला तर तपासणी सुरू व्हावी, अर्ज बाजूला पडू नये.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली मांडलेल्या आणि २००१ च्या नोबेल पुरस्कारात गौरवलेल्या संकेत-सिद्धांताकडे येथे पाहावे लागते, कारण नियोक्त्याची बाजू त्यात सर्वांत प्रामाणिकपणे उभी राहते. कर्तबगार माणसाला पदवी मिळवणे कमी जड जाते आणि इतरांना अधिक जड जाते, म्हणून ती पदवी, अभ्यासक्रमात काहीही शिकवलेले असो, अंगच्या गुणांचा संकेत ठरते, असे त्या सिद्धांताचे सार आहे. या दृष्टीने नामांकित संस्थेचे मोल पुष्कळसे तिच्या प्रवेशपरीक्षेत आहे, आणि मुक्तप्रवेशाने तीच चाळणी काढून टाकलेली असल्यामुळे संकेत पुसट झाला, असे नियोक्त्याला वाटते. पण संकेत नेमका कशाचा, हे तपासायला नैयायिकांची उपाधीची कल्पना उपयोगी पडते. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे. पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरे नाही, कारण धुराला ओले सरपण लागते, आणि न सांगता आत शिरलेली ही ओल्या सरपणाची अट म्हणजे उपाधी होय. ‘जिथे नावाजलेली पदवी तिथे कर्तृत्व’ या व्याप्तीत, म्हणजे नित्य सहचाराच्या नियमात, अशा उपाध्या दडलेल्या असतात: खासगी शिकवणीची फी भरू शकणारे घर, इंग्रजी शाळा, दोन वर्षे कमाईविना राहता येण्याची ऐपत. याच्या उलट टोकाला, अंगणवाडीचे काम, घर आणि दोन मुले सांभाळून चार-पाच वर्षांत एम.ए. पूर्ण करणाऱ्या बाईच्या पदवीतूनही एक संकेत निघतो. तो चाळणीतून वर आल्याचा नसून धरलेले न सोडल्याचा आहे, आणि पुष्कळशा कामांना नेमका हाच गुण लागतो. हा संकेत वाचायला नियोक्ते शिकलेले नाहीत, हे त्या बाईचे न्यून नव्हे.

कायद्याने ही दरी बुजवण्याचा प्रयत्न केला आहे आणि त्यात कायद्याची स्वतःची द्विधा मन:स्थितीही दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांनी मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणातून मिळालेली पदवी ही नेहमीच्या पद्धतीच्या तत्सम पदवीशी समकक्ष ठरवली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा जाहीर केले. परंतु त्याच नियमांनी पदवीपत्राच्या आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूस शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची आणि पूर्णतेची तारीख, अभ्यासकेंद्राचे आणि परीक्षाकेंद्राचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक केले. गैरव्यवहार रोखण्यासाठी ही नोंद आवश्यक असेलही. तरी त्या कागदाकडे पाहिले की पुढची बाजू ‘समान’ म्हणते आणि मागची बाजू ‘बाहेरून’ म्हणते, असे वाटल्यावाचून राहत नाही. न्यायालयांनीही सीमारेषा आखल्या आहेत. पहिली पदवी न घेता मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली एम.ए. नेमणुकीसाठी ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली अण्णामलै विद्यापीठाशी संबंधित प्रकरणात ठरवले, आणि आवश्यक परवानगीविना काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या २०१७ साली अडचणीत आल्या. या निर्णयांमागची दृष्टी योग्य आहे: मुक्त दार म्हणजे जिन्याच्या पायऱ्या गाळण्याची मुभा नव्हे, आणि ज्या विद्येला प्रयोगशाळा आणि हाताचा सराव लागतो तिथे पुस्तक घरी पाठवून भागत नाही.

मुक्तप्रवेशाला होणारा खोल विरोध मात्र कायद्याच्या पलीकडचा आहे. तो अधिकाराच्या कल्पनेतून येतो. वेदान्तात अधिकारी म्हणजे विद्या ग्रहण करण्यास पात्र असलेला, आणि शंकराचार्यांच्या परंपरेने नित्यानित्याचा विवेक, वैराग्य, शम-दमादी सहा गुण आणि मोक्षाची तळमळ हे साधनचतुष्टय पात्रतेसाठी सांगितले. हे चारही गुण अंतःकरणाचे आहेत. परंतु ही पात्रता सांगणाऱ्या शंकराचार्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात अपशूद्राधिकरण नावाचे प्रकरणही आहे, जिथे जन्माच्या आधारावर वेदविद्येचे दार बंद केले आहे. पात्रता अंतःकरणात शोधणारी आणि पात्रता आवाराच्या दाराशीच ठरवणारी अशा दोन वृत्ती एकाच ग्रंथात शेजारी शेजारी नांदतात, आणि ‘बाहेरून’ या शब्दाला महाराष्ट्रात जी धार आहे ती या दुसऱ्या वृत्तीमुळे आली आहे. पंढरपूरच्या महाद्वारापाशी अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या संत चोखामेळ्याची समाधी आहे, आणि ज्या देवाच्या भक्तीत त्याचे आयुष्य गेले त्याचे मंदिर त्याच्या लोकांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली प्राणांतिक उपोषण करावे लागले. तर्कशास्त्रातली ‘जाती’, म्हणजे निव्वळ सारखेपणाचा वर्ग, व्यवहारात उतरताना समाजातल्या जातीच्या वाटेने उतरते, याचा या भूमीला अनुभव आहे. म्हणून ‘तज्जातीय’ म्हणून कोणाला मानायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणाऱ्याने येथे दुप्पट सावध असले पाहिजे.

ज्या वारकरी परंपरेने सर्वांना जवळ केले, तिने साधना सैल केली नाही, हेही येथेच ध्यानात घ्यावे लागते. गीतेचा अर्थ मराठीत आणून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, जे दार उघडले त्याला प्रवेशपरीक्षा नव्हती. पण गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्याला एकादशी, वारी, नित्याचा हरिपाठ आणि आचाराचे निर्बंध आले, आणि माळकरी म्हणवून घेऊन ते न पाळणाऱ्याला गाव ओळखते. ‘जिथे सगळ्यांना प्रवेश आहे ते हलके’ हे नियोक्त्याचे अनुमान येथे मोडते, कारण प्रवेशाची अट आणि सिद्धीची अट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने हेच तत्त्व संस्थेच्या रचनेत उतरवले: दार सर्वांसाठी, पण प्रत्येक स्वाध्यायावर शिक्षकाची लेखी टिप्पणी आणि परीक्षेवर अन्य विद्यापीठांतून आलेल्या परीक्षकांची नजर. आपल्याकडे दार उघडणे जमले. टिप्पणीची आणि नजरेची शिस्त सर्वत्र तेवढीच आली, असे म्हणवत नाही.

अर्धवेळ शिक्षणावरचा दुसरा आक्षेप काळाविषयी आहे. अर्धा वेळ दिला म्हणजे अर्धीच विद्या आली, असा हिशेब पुष्कळांच्या मनात असतो. अभ्यास दृढ कसा होतो याविषयी योगसूत्रांत तीन अटी दिल्या आहेत: तो दीर्घ काळ चालावा, खंड न पडता चालावा आणि आदराने चालावा. नोकरदार विद्यार्थ्याकडे पहिली अट भरपूर असते. सामान्यतः दोन वर्षांचा शिक्षणक्रम त्याला चार-पाच वर्षे पुरतो. तिसरी त्याच्याकडे बहुधा इतरांहून अधिक असते, कारण कोणी बळजबरीने पाठवले म्हणून तो आलेला नसतो. दुसरीतच तो उणा पडतो: मार्चअखेरची कामे, आजारपण, बदली, घरातले लग्न, आणि पुस्तक महिनाभर उघडलेच जात नाही. हे उणेपण खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, त्यावर विचार करणे आणि ते अंगी मुरवणे, या बृहदारण्यकोपनिषदातल्या क्रमाने पाहिले तर मुक्त शिक्षणात श्रवण पातळ असते. पण लोकप्रशासन शिकणारा तलाठी किंवा वाणिज्य शिकणारा पतसंस्थेचा लेखनिक वाचलेल्या प्रकरणावर दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावरच मनन करू शकतो, आणि ही सोय आवारात बसलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला नाही. जे खरोखर हरवते ते वेगळेच आहे. नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले, त्यांतला ‘वाद’ म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे तर तत्त्व कळावे म्हणून सहाध्यायांशी आणि गुरूशी केलेली चर्चा. पदव्युत्तर शिक्षणाचा तोच गाभा आहे, आणि महिन्यातल्या दोन रविवारच्या संपर्कसत्रांत तो क्वचितच साधतो. नियोक्त्याला मुक्त पदवीधारकाविषयी एकच शंका घ्यायची असेल तर ती याची घ्यावी: आपले मत मांडून, ते खोडले गेल्यावर ते पुन्हा नीट मांडण्याचा सराव याला झाला आहे का? ही शंका वीस मिनिटांच्या बोलण्यात फिटते.

जिथे सर्वांचीच पारख होते तिथे ‘बाहेरून’चे ओझे पुष्कळ हलके होते, हे अनुभवाने दिसते. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना मुक्त विद्यापीठाचा पदवीधर इतरांसारखाच बसतो आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला तो आतला की बाहेरचा हे ठाऊक नसते. पीएच.डी. नसताना महाविद्यालयात अध्यापक व्हायचे तर नेट किंवा सेट परीक्षा दोन्ही प्रकारच्या पदव्युत्तर पदवीधारकांना द्यावी लागते. या ठिकाणी परतःप्रामाण्य सर्वांना एकसारखे लागू आहे. खासगी क्षेत्राची अडचण अशी की शेकडो अर्जदारांची अशी परीक्षा घेणे परवडत नाही, म्हणून संस्थेच्या नावावरून अर्ज गाळले जातात, आणि अलीकडे हे गाळण्याचे काम संगणकाकडे सोपवले जाते, ज्याला शंका येत नाही आणि म्हणून ती फेडताही येत नाही. खर्चाची सबब खोटी नाही. तरीही जो खर्च नियोक्ता वाचवतो तो नाहीसा होत नाही. तो दारातून परत गेलेल्याच्या आयुष्यावर जातो, आणि नैतिक प्रश्न त्या हस्तांतराचा आहे.

दूरस्थ विद्यार्थ्यासाठी एकलव्याचा दाखला देण्याची पद्धत पडली आहे, पण या प्रश्नाला खरा दाखला छांदोग्योपनिषदातल्या सत्यकाम जाबालाचा आहे. त्याला शिकायचे होते आणि त्याचे गोत्र ठाऊक नव्हते. आईने, जबालेने, तरुणपणी अनेक घरी सेवा करताना तू झालास, गोत्र मला माहीत नाही, असे सांगितले, आणि त्याने ते जसेच्या तसे हारिद्रुमत गौतम या गुरूपुढे ठेवले. गौतमाने त्या खरेपणालाच प्रवेशपत्र मानले. या कथेचा पुढचा प्रवास विचार करायला लावणारा आहे: अपशूद्राधिकरणातल्या एका सूत्राने हीच कथा उलट बाजूने वापरली आणि सत्यकाम शूद्र नाही हे ठरल्यावरच गौतमाने त्याला घेतले, असा अर्थ तिच्यातून काढला. म्हणजे दार उघडणाऱ्या गोष्टीचाही अडसर करता येतो. उपनिषदात मात्र हे उत्तर ऐकल्यावर गौतमाने गोत्राचा पुढे शोध घेतला नाही; त्याने चारशे रोड, अशक्त गाई निवडून त्याच्या हवाली केल्या, आणि त्या हजार झाल्याशिवाय परतणार नाही असे म्हणत सत्यकाम निघाला. वर्षांमागून वर्षे तो रानात गुरे राखत राहिला, आणि परतीच्या वाटेवर बैलाने, अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने त्याला ब्रह्माचा एकेक पाद शिकवला. कामावर असताना, आश्रमाबाहेर, चार निरनिराळ्या केंद्रांवर झालेले हे शिक्षण होते.

तो परत आला तेव्हा गौतमाने आधी त्याच्याकडे पाहिले आणि ब्रह्म जाणणाऱ्यासारखा तू उजळला आहेस, असे म्हटले. तुला कोणी शिकवले, हा प्रश्न त्याने त्यानंतर विचारला. दोन प्रश्नांचा हा क्रम मुलाखतीच्या टेबलावर नेमका उलटा असतो. सत्यकामाने, माणसांहून वेगळ्या कोणी शिकवले, असे खरे उत्तर दिले, काही लपवले नाही, आणि गुरूकडून मिळालेली विद्या सर्वांत चांगली साधते असे ऐकले आहे म्हणून आपणच मला सांगावे, अशी विनंती केली. रानात विद्या मिळालेली असूनही वादाची, समोरासमोरच्या तपासणीची गरज त्याने नाकारली नाही. मग गौतमाने त्याला सांगितले, आणि जे सांगितले ते तेच होते, जे त्याला रानात आधी मिळाले होते. त्यातले काहीही गळलेले नव्हते, असे उपनिषद नोंदवते.